फ्रिजच्या नळाचं पन्हं

आमच्या फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत सतराव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे की पाण्याच्या टाकीत पाण्याशिवाय दुसरं काहीही घालू नये. मी ते वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. (मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. समोर दोन माणसं बसलेली दिसली की काहीतरी वाचून दाखवल्याशिवाय मला राहवतच नाही.) एवढं आधीच कबूल केलं की पुढे जे घडलं त्याबद्दल कुणाला माझी दया येण्याचा प्रश्न उरत नाही.

हा फ्रिज घरात आला तो आईंच्या गुडघ्यामुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. माघात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की वाकायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, वॉकरशिवाय चालायचं नाही. आमचा माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, बुटक्या तिवईवर. पाण्यासाठी दर वेळी वाकायला लागायचं. मग सुधीर आणि मी टावर चौकात जाऊन दाराला नळ असलेला फ्रिज घेऊन आलो. सुधीर म्हणजे माझा नवरा, आईंचा धाकटा मुलगा. दुकानदार आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, दरवाज़ा खोलना ही नहीं है. बस गिलास लगाओ और पानी लो." आम्ही दोघांनी पाच-सहा गिलास पाणी तिथेच पिऊन पाहिलं आणि खूश झालो.

रचना अगदी साधी आहे. दाराच्या आतल्या बाजूला चार लिटरची टाकी. (आम्ही उज्जैनवाले तिला टंकीच म्हणतो.) ती वरून झाकण उघडून भरायची. दाराच्या बाहेर एक छोटी दांडी. तिला पेला टेकवून दाबला की गार पाणी येतं, पेला काढला की आतली रबराची चकती भोकावर बसते आणि पाणी थांबतं. हे सगळं मी आईंना आकृती काढून समजावलं. आईंनी आकृती नीट पाहिली आणि विचारलं, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे उष्टे पेले त्या एकाच दांडीला लागणार का?

हा मुद्दा माहितीपुस्तिकेत नव्हता. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की फ्रिजशेजारी एक स्वच्छ तांब्या ठेवायचा, दांडीला फक्त तो तांब्या लावायचा आणि तांब्यातून आपापल्या पेल्यात पाणी ओतून घ्यायचं. थोडक्यात, आम्ही हजारोंचा फ्रिज आणून त्याचा परत माठ केला. सुधीर कधी घाईत सरळ पेला लावायचा, तर बाहेरच्या खोलीतून आईंचं "अं हं" ऐकू यायचं. दांडीवर तांब्या लागला की स्टीलचा पेला लागला, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळत असे.

पण हळूहळू त्या फ्रिजशी त्यांची गट्टी जमली. इतकी, की एका दुपारी त्यांनी माझ्या नकळत टाकीत वाळ्याची जुडी टाकली. माठात टाकतात तशी! पाण्याला वास सुरेख आला, पण वाळ्याची एक काडी रबराच्या चकतीत अडकली आणि नळ ठिबकायला लागला. तेव्हाच मी ते सतरावं पान वाचून दाखवलं. वर आवाज चढवून म्हणाले, "आई, हे यंत्र आहे. यंत्राला यंत्रासारखंच वागवायला हवं." त्या दिवसापासून दर रविवारी टाकी काढून, चकती जुन्या टूथब्रशने घासून, 'टक' असा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. घरात दुसऱ्या कुणाला ते नीट जमणार नाही अशी माझी खात्री होती.

आता चैत्रगौरीविषयी सांगायला हवं, कारण खरा प्रश्न तिचाच होता.

आमच्या घरची गौर चैत्रात बसते आणि एका संध्याकाळी हळदीकुंकू होतं. माधवनगरातल्या आणि आसपासच्या मराठी बायका तर येतातच, पण गल्लीतल्या शर्मा भाभी, त्यांच्या सुना असं सगळं महिला मंडळ येतं. आई लग्न होऊन इथे आल्या तेव्हापासून हे त्यांच्या हातचं. कैरीची डाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि पन्हं. पन्हं त्या स्वतः पितळी पातेल्यातून प्रत्येकीला ओतून देत. त्यांच्या कितीतरी मैत्रिणी आता नानाखेड्याला नाहीतर आणखी लांब राहायला गेल्या आहेत, कुणाचे पाय दुखतात, कुणाला मुलं सोडत नाहीत. पण त्या एका दिवशी सगळ्या येतात. आईंचा वर्षातला खरा सण कुठला असेल तर तो हाच.

आणि यंदा त्यांना उभं राहता येत नव्हतं. तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई, माधुरीवहिनी, इंदूरहून फोनवर म्हणाल्या की यंदापासून गौर आमच्याकडेच बसवू, आईंनाही इकडेच आणू. वहिनी फार चांगल्या आहेत. तोच तर त्रास आहे! त्यांच्या घरी डब्यांवर नावं लिहिलेली असतात आणि डब्यात तेच असतं. माझ्याकडे 'साबुदाणा' लिहिलेल्या डब्यात गेली तीन वर्षं सुधीरचे स्क्रू आहेत. फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "माधुरीकडे व्यवस्थित होईल हो. माझ्या बायकांना मात्र इंदूर लांब पडेल."

मला एकदम गलबलून आलं. मी म्हणाले, "आई, गौर इथेच बसेल. मी करते सगळं. तुम्ही फक्त खुर्चीवर बसा." आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रेम होतं, पण विश्वास होता असं काही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. यंदा तू कर, त्या म्हणाल्या, पुढचं मग पाहू. म्हणजे ही परीक्षाच होती. नापास झाले तर गौर इंदूरला जाणार आणि तिच्यामागोमाग आईंचा चैत्रही. त्यात माधुरीवहिनी मदतीला म्हणून आदल्या दिवशीच येऊन राहणार होत्या.

आता पन्नासेक बायका आणि मी एकटी. हळदीकुंकू लावायचं, ओटी भरायची, डाळ द्यायची आणि शिवाय पन्हं ओतायचं. वहिनी मदत करायला एका पायावर तयार, पण त्यांची मदत घेतली की श्रेय त्यांना जाणार, एवढा हिशेब मला कळत होता. स्वयंपाकघरात उभी राहून मी विचार करत होते आणि समोर फ्रिज होता. बायका आपल्या आपण फ्रिजपाशी येतील, तांब्यात गारेगार पन्हं घेतील, बर्फ घालायला नको, पातेलं उचलायला नको. माझं मलाच इतकं कौतुक वाटलं की मी ताबडतोब सुधीरला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "बढिया आयडिया आहे." आमच्या संसारात तो ज्या ज्या वेळी "बढिया आयडिया" म्हणाला आहे, त्या त्या वेळी मी थांबायला हवं होतं.

सतरावं पान आठवलं नाही असं नाही. पण मी स्वतःची समजूत घातली की ते पान सरबतं वगैरे टाकणाऱ्या अडाणी लोकांसाठी असतं. पन्ह्यात असं काय असतं? कैरी, गूळ, वेलची आणि पाणी. बहुतेक पाणीच की! (नववीच्या मुलांना मी दर वर्षी द्रवांचा दाटपणा शिकवते. मध घेऊन प्रयोगही करून दाखवते.)

बारा लिटर पन्हं केलं. कैऱ्या उकडून गर काढला, गूळ घातला, केशर, वेलची सगळं सढळ हाताने. गाळलं मात्र पिठाच्या चाळणीने, कारण पंच्याने गाळायला वेळ लागतो. चार लिटर टाकीत भरलं, उरलेली दोन पातेली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. दुपारी तीन वाजता दार लावून मी गुपचूप तांब्या टेकवून पाहिला. सुर्रकन पन्हं आलं. काय ती धार! सुधीरने वाटीभर पिऊन मान डोलावली. वहिनी आत आल्या तसं मी दांडीवर नॅपकीन टाकला. त्यांना एकदम चकित करायचं होतं.

मग पाच वाजले. दोन तासांत टाकीतल्या पन्ह्याने काय केलं असेल ते मी सोडून कुणालाही सुचलं असतं. गर सगळा सावकाश तळाशी बसला होता आणि गारठून घट्ट झाला होता. आणि तळाशीच ते भोक.

बायका आल्या. खोली भरली. खिडकीतला कूलर पूर्ण वेगाने धडधडत होता, आई भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी वॉकर, समोर पाळण्यातली गौर आणि कलिंगडाची कमळं. एकेक मैत्रीण वाकून आईंच्या गुडघ्याची चौकशी करत होती. सगळ्यात जुन्या तांबेकाकू. त्या नानाखेड्याहून रिक्षाने आल्या होत्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, घशाला कोरड पडली आहे, आधी पन्हं द्या. मी रुबाबात म्हणाले की चला काकू, यंदा पन्ह्याचा नळ लावलाय. त्यांच्यामागून सात-आठ जणी उत्सुकतेने आत आल्या. मी नॅपकीन काढला, तांब्या लावला आणि दांडी दाबली.

काहीही आलं नाही. मी जरा जोरात दाबली. एक थेंब आला आणि दांडीवरच लोंबत राहिला. तांबेकाकू त्या थेंबाकडे पाहत होत्या, मीही पाहत होते. मागून कुणीतरी आपुलकीने विचारलं की लाइट गेली आहे का?

"एक मिनिट हं," असं म्हणून मी बायकांना बाहेर पिटाळलं आणि आईंच्या विणकामाच्या पिशवीतून क्रोशाची सुई घेऊन आले. ती नळाच्या भोकात घालून वर ढोसली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा आत काहीतरी पचकन सरकलं आणि पन्हं धो धो यायला लागलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तांब्या भरला, पेले भरले, बाहेर ट्रे गेला, आठ-दहा जणींना पन्हं मिळालं. "गार आहे हो," असं कुणीतरी म्हणालं तेही मी ऐकलं. मग तांब्या काढला, आणि पन्हं थांबलं नाही.

रबराची चकती वाकडी होऊन आतल्या आत अडकली होती. मी दांडी ओढली, ढकलली, शेवटी तिला हात जोडायचेच बाकी होते. धार तशीच. मी सुधीरला हाक मारली, "टंकी बघ, टंकी!" मला म्हणायचं होतं की टाकी काढ. तो धावत आला आणि त्याने फ्रिजचं दार उघडलं.

इथे आमच्या स्वयंपाकघराचा भूगोल समजून घ्यायला हवा. आमचा फ्रिज कोपऱ्यात आहे आणि त्याचं दार भिंतीकडे उघडतं. मी नळाखाली तांब्या धरून उभी. सुधीरने दार उघडलं तशी मी दाराबरोबर सरकत सरकत गेले आणि दार व भिंत यांच्यामधल्या सांदीत जाऊन उभी राहिले. दाराच्या बाहेरच्या अंगाला मी आणि वाहतं पन्हं. आतल्या अंगाला सुधीर. मध्ये दार. त्याला मी दिसत नव्हते आणि मला तो.

त्याने टाकीत पाहिलं. टाकी रिकामी होत आली होती. त्याला वाटलं, बायका पन्ह्यावर तुटून पडल्या आहेत आणि मी भर घालायला बोलावलं आहे! त्याने मोठ्या उत्साहाने खालचं पातेलं काढलं आणि चार लिटर पन्हं टाकीत ओतलं. टाकीने ते माझ्या पायांवर सोडलं.

मी म्हणाले, "अरे, ओतू नकोस." पण हे मी दबक्या आवाजात म्हणाले. ओरडले असते तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण ओरडायचं म्हणजे बाहेर वहिनींना कळणार! आणि वहिनींना कळलं की गौर चालली इंदूरला. म्हणून मी कुजबुजत राहिले आणि कूलर धडधडत राहिला. माझा तांब्या केव्हाच भरून वाहत होता. मी दुसऱ्या हाताची ओंजळ लावली. मग पदर लावला. सुधीर दाराच्या पलीकडून प्रेमाने म्हणाला, "चाललंय ना गं सगळं छान? जोरात खपतंय." आणि त्याने दुसरं पातेलंही उचलून टाकीत रिकामं केलं.

तेवढ्यात बाहेरून तांबेकाकूंचा आवाज आला, "वैशाली, इकडे काहीतरी ओघळत येतंय गं."

पन्हं पडद्याखालून बैठकीच्या खोलीत पोचलं होतं. सतरंजीची एक कड भिजवून ते सावकाश गौरीच्या चौरंगाकडे निघालं होतं. (आमच्या फरशीला तिकडे उतार आहे, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं.) बायकांनी साड्या वर धरल्या. कुणी सोफ्यावर पाय घेतले. वहिनी आत आल्या, त्यांनी सुधीरला बाजूला केलं आणि दार लोटलं. दारामागे मी होते. डोक्याला मोगऱ्याचा गजरा, हातात भरलेला तांब्या, नऊवारी कमरेपासून खाली गुळाची आणि पावलं फरशीला चिकटलेली. वहिनींनी टाकी काढून बेसिनमध्ये ठेवली. त्यांना ती काढता येत होती! माझ्या घरची, मीच दर रविवारी काढते ती टाकी!

चाळीस बायका बाकी होत्या आणि घरात तांब्याभर पन्हं होतं.

मी बाहेर आले तेव्हा सगळ्या साड्या धरून उभ्या होत्या. शर्मा भाभींनी वायपर आणायला सुनेला घरी पिटाळलं होतं. मला आईंकडे बघवेना. म्हणजे आता त्या काय म्हणणार ते मला ठाऊकच होतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि ते पुसायला पदर घ्यावा तर पदरातून गूळ गळत होता.

"आई, माझं चुकलं," मी म्हणाले. "सगळं सांडलं. आता काय करू?"

आई खुर्चीत सरळ बसल्या. गेले दोन महिने त्यांचा आवाज गोळ्या मागण्यापुरताच निघत असे. तो आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. "सांडलं तर सांडलं. गौरीचा चौरंग उचला आधी. कैऱ्या किती आहेत घरात?"

पाच होत्या. आईंनी शर्मा भाभींना विचारलं. त्यांच्या परसात आंब्याचं झाड आहे. त्या म्हणाल्या, "अरे अम्मा, जितनी चाहिए उतनी तुड़वा लो." पण उकडायला वेळ कुठे आहे, असं वहिनी म्हणाल्या. त्यावर आईंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला मनातल्या मनात फार बरं वाटलं. कच्च्या कैरीचं करायचं, आई म्हणाल्या. किसायचं, साखर घालायची, हाताने पिळायचं, माझी आई असंच करायची. आणि मग त्यांनी कामं वाटायला सुरुवात केली. किसण्या तीनच निघाल्या म्हणून चौथी भाभींकडून आणवली. तांबेकाकूंना कैऱ्या सोलायला बसवलं. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना वेलची कुटायला दिली. सुधीरला फरशी पुसायला लावलं. वहिनींच्या हातात साखरेचा डबा दिला आणि माझ्या सांगण्याशिवाय घालू नकोस म्हणून बजावलं. मला म्हणाल्या, "तू आधी लुगडं बदल. मुंग्या लागतील."

साडी बदलून मी परत आले तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पदर खोचून बायका किसत होत्या, पिळत होत्या, एकमेकींच्या सुनांच्या तक्रारी करत होत्या. एरवी हळदीकुंकवाला येऊन दहा मिनिटांत ओटी घेऊन जाणाऱ्या बायका, आज कुणी हलायलाच तयार नव्हतं. आई ओट्याला टेकून उभ्या होत्या. एका हाताने पातेल्यातलं पन्हं ढवळत होत्या, चव बघत होत्या, अजून एक चिमूट मीठ म्हणत होत्या. त्यांचा वॉकर खोलीभर शोधला तर तो गॅलरीत होता, त्यावर कुणीतरी ओली सतरंजी वाळत घातली होती. मी घाबरून खुर्ची आणली. माझ्या आग्रहाखातर त्या दोन मिनिटं टेकल्या आणि परत उठल्या.

सगळ्यांना पन्हं मिळालं. बाहेरच्या गल्लीतल्या दोन बायका आवाज ऐकून काय चाललंय ते पाहायला आल्या होत्या, त्यांनाही मिळालं. तांबेकाकू निघताना आईंचे हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. "किती वर्षांनी एकत्र काम केलं गं आपण," असं म्हणाल्या आणि दोघींचे डोळे भरून आले. माझेही आले, पण माझ्या रडण्याकडे त्या दिवशी कुणी गांभीर्याने पाहायला तयार नव्हतं.

पुढचे काही दिवस मुंग्यांचे होते. फ्रिजखाली, कपाटाखाली, चौरंगाच्या पायाशी, सतराव्या पानावरसुद्धा. ती पुस्तिका ओट्यावरच राहिली होती. टाकी कोमट पाण्यात भिजवून ठेवली, तीन वेळा धुतली, तरी पाण्याला वेलचीचा वास यायचा तो यायचाच. आईंनी त्याबद्दल एकदाच मत दिलं. वाळ्यापेक्षा बरा आहे, म्हणाल्या. मला वाटतं, ते त्यांनी बरेच दिवस जपून ठेवलं होतं.

पण माझं लक्ष मुंग्यांकडे नव्हतं. गौरीचं काय, हे आईंनी काही सांगितलं नव्हतं आणि विचारायची मला छाती होत नव्हती. कुठल्या तोंडाने विचारणार?

रविवारी मी नेहमीसारखी बेसिनशी उभी राहून चकती टूथब्रशने घासत होते. बाहेर आईंचा फोन वाजला. वहिनींचा आवाज एवढा खणखणीत, की सगळं आत ऐकू येत होतं. आई, तुमचे फार हाल झाले, त्या म्हणत होत्या. पुढच्या वर्षी आपण इकडेच करू. हॉल मोठा आहे, पन्हं देणारी माणसं ठेवू, तुम्हाला जागचं उठायलाच लागणार नाही.

मी ब्रश थांबवला.

"नको गं माधुरी," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे सगळं नीट होतं. मला सोफ्यावर बसवाल, हातात ग्लास द्याल, येणारी-जाणारी नमस्कार करेल आणि झालं. मी नसले तरी तुझं काही अडत नाही. इथे बघ, ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं की आई, आता काय करू?" मग त्या हसल्या. "इथेच राहू दे गौर. वैशालीकडे माझ्यावाचून होत नाही."

मी तशीच उभी, हातात रबराची चकती. गौर इथेच राहणार होती. दुसऱ्या बाजूने विचार करता मला चारचौघांत वेंधळी म्हटलं होतं आणि तेही इंदूरपर्यंत. पण आईंच्या आवाजात जे होतं ते मी महिनोन्महिने ऐकलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि ठरवून टाकलं, की आईंसाठी पुढच्या चैत्रातही काहीतरी घोळ घालायचाच, अगदी आधीपासून योजून.

मग चकती जागेवर बसवली, टाकी लावली, पाणी भरलं, दार लावलं आणि पाय ओले झाले. 'टक' आवाज ऐकायचा राहिला होता. घोळ मुद्दाम योजण्याची आपल्याला कधी गरज पडलेली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी बाहेर हाक मारली, "आई, आता काय करू?"